उंची वाढवली, पण कोन कोण बघणार?

फोर बाय फोर गाडी घरात आली की पहिल्या सहा महिन्यांत मालकाला एक ताप चढतो. गाडी उंच करायचा ताप. शेजारच्याची उंच, इंटरनेटवरची उंच, मग आपलीच का म्हणून बसकी? दोन इंच, तीन इंच, जमल्यास चार. खोक्यातून किट येतं, दुकानदार एका दिवसात बसवून देतो, संध्याकाळी फोटो काढले जातात. आणि मग दोन-चार दिवसांनी मालक हळू आवाजात कुणाला तरी विचारतो, "साठच्या पुढे स्टेअरिंग हलतं हो थोडं. काय असेल?"

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. उचललेल्या गाडीचं हलणं हा नंतर जडलेला आजार नाही. ती उचलीचीच अर्धी राहिलेली मजुरी आहे. खोक्यात मिळते ती उंची. त्या उंचीने बिघडलेले कोन खोक्यात मिळत नाहीत, ते कुणीतरी मोजून जागेवर आणावे लागतात. ते काम केलं नसेल तर गाडी उचलली असं म्हणू नये, नुसती टेकू लावून ठेवली आहे असं म्हणावं.

हा विषय डोक्यात आला तो भाच्याच्या जीपमुळे. तो राहतो पेणला आणि नोकरीला धाटावच्या एमआयडीसीत, म्हणजे रोह्याला. पेण, वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंड आणि रोहा, असा रोजचा रस्ता. गाडीची परीक्षा घ्यायला याहून चांगला रस्ता शोधून सापडणार नाही. हायवेवर वेग मिळतो, खिंडीत वळणं मिळतात, आणि खड्डे कुठे मिळतील हे सांगायला नकोच. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. मधल्या काळात रस्त्याचा नंबर १७ चा ६६ झाला, भाचा शाळेतून नोकरीत गेला, आणि या पट्ट्यातल्या माणसाची गाडी पारखायची पद्धतच खड्ड्यांवर बेतली गेली.

तर या भाच्याने त्याची पाट्यांची जुनी जीप शहरातल्या एका दुकानातून तीन इंच उंच करून आणली. कमान पाट्यांत एकेक पाटा वाढवला, खाली लांब शॅकल, आणि रुंद टायर. आठवड्याभरात दोन तक्रारी सुरू झाल्या. सीटखाली सारखी थरथर, आणि वडखळच्या पुढे एखादा खड्डा लागला की स्टेअरिंगची अशी लटलट, की वेग तीसवर आणेपर्यंत थांबायची नाही. दुकानदाराने इलाज म्हणून स्टेअरिंग डॅम्पर बसवून दिला. महिनाभर बरं वाटलं. मग तीच लटलट साठऐवजी पंचाहत्तरला येऊ लागली, आणि आली की पहिल्यापेक्षा जोरात.

अमेरिकेतले जीपवाले याला सरळ 'डेथ वॉबल' म्हणतात. नाव भडक आहे, पण मागे एसटी चिकटलेली असताना ज्याने हे एकदा अनुभवलं आहे तो त्या नावाला हसत नाही. (असं झालंच तर ब्रेकवर उभं राहू नये. स्टेअरिंग घट्ट पण शांतपणे धरावं, ॲक्सिलरेटर सोडावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि गाडी कडेला घ्यावी.)

आता मुद्दा असा, की थरथर आणि लटलट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक पहिली चूक इथेच करतात. दोन्हीला 'व्हायब्रेशन' म्हणून मोकळे होतात. जरा हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटरला साधारण ७० सेंटीमीटर व्यासाचं चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरतं. एक्सलचं गुणोत्तर साडेचार धरलं तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला चौतीस वेळा फिरतो. चाकाचा बॅलन्स बिघडला असेल तर सेकंदाला सात-आठ हेलकावे बसतात, ते डोळ्यांनी दिसतात, हाताला मोजता येतात. शाफ्टचा दोष मात्र गुणगुणण्यासारखा येतो, फरशीतून, सीटमधून, आरशातलं चित्र धूसर करत. म्हणजे मेकॅनिककडे जायच्या आधी अर्धं निदान आपल्या बुडाला आणि तळहाताला झालेलं असतं. फक्त लक्ष द्यायला हवं.

आधी थरथरीकडे बघू. शाफ्टच्या दोन टोकांना जे क्रॉस असतात, त्यांना आपण यूजे म्हणतो. या सांध्याचा अभ्यास रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात केला, आणि त्याची खोड तेव्हापासून तीच आहे. सांधा वाकलेला असला की एका बाजूने एकसारखी फिरणारी गती दुसऱ्या बाजूला एकसारखी निघत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा ती वाढते आणि दोनदा कमी होते. ५ अंश कोन असेल तर फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. १० अंशांना दीड टक्का. २० अंशांना सहा टक्के. कोन दुप्पट झाला की त्रास चौपट, असं हे गणित आहे. वरच्या हिशेबात शाफ्ट चौतीस वेळा फिरत होता, म्हणजे हे झटके सेकंदाला अडुसष्ट.

यावरचा उपायही जुनाच आहे. दुसऱ्या टोकाचा सांधा तेवढ्याच कोनात आणि योग्य दिशेने ठेवायचा, म्हणजे एकाने बिघडवलेली गती दुसरा सुधारतो. पण त्यासाठी दोन अटी. दोन्ही कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत हवेत. दुसरी अट फार साधी आहे आणि तीच सगळ्यात जास्त मोडते. शाफ्ट मधल्या सरकत्या जोडावर खोलला, आणि बसवताना एक-दोन खाचा इकडेतिकडे झाल्या, की संपलं. सुधारण्याऐवजी दुसरा सांधा बिघाडात भरच घालतो. म्हणूनच कित्येक शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात. त्या ग्रीस आणि चिखलाखाली असतात, पण असतात.

आणि जीप आखूड असते हेही विसरू नये. मागचा शाफ्ट अर्धा मीटर लांबीचा असेल आणि गाडी ५ सेंटीमीटर उचलली, तर कोन पावणेसहा अंशांच्या आसपास वाढतो. तेवढीच उचल एक मीटरच्या शाफ्टला पावणेतीन अंशांत पडते. म्हणून लांब गाडीला पचलेलं किट आखूड गाडीला पचेलच असं नाही. मित्राच्या गाडीला काही झालं नाही, हे सांगण्यात म्हणूनच काही अर्थ नसतो.

आता लटलट. सायकल हात सोडून चालवता येते, कारण पुढचा फोर्क तिरका असतो आणि चाक त्याच्या मागे ओढलं जातं. मोटारीच्या पुढच्या चाकालाही असाच एक तिरपेपणा दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंग आपोआप सरळ होतं ते त्याच्यामुळे. तो कमी झाला की गाडी रस्त्यावर भिरभिरते आणि स्टेअरिंग हलकं लागतं. ज्या जीपमध्ये पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, तिथे लांब शॅकल लावलं की पुढचा एक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. भाच्याच्या जीपमध्ये नेमकं तेच झालं होतं.

मग कॅस्टर परत आणा की, पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर घाला! घालता येते, घालतातही. पण इथेच या सगळ्या विषयाची गंमत आहे. पुढच्या एक्सलचं हाउसिंग एकच असतं. चाकाचा कॅस्टर आणि शाफ्ट जिथे जोडला जातो त्या पिनियनचा कोन, हे दोन्ही त्याच एका तुकड्यात पक्के झालेले. कॅस्टर वाढवायला एक्सल फिरवला की पिनियनचं तोंड खाली जातं, आणि पुढच्या शाफ्टचा कोन आणखी बिघडतो. शाफ्टला सुख द्यावं तर स्टेअरिंग रुसतं, स्टेअरिंगला सुख द्यावं तर शाफ्ट. एकत्र कुटुंबासारखं आहे हे. म्हणून कुठलंही किट न बघता मी एवढंच म्हणेन, की ज्या उंचीपर्यंत या दोघांचं एकमेकांशी पटतं तीच त्या गाडीची खरी उंची. त्यापुढची फक्त फोटोतली.

पण नुसत्या कोनांनी लटलट उसळत नाही. तिला पाय ठेवायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे ढिलाई. टाय रॉडचे एंड, किंगपिनचे बेअरिंग, चाकाचे बेअरिंग, पाट्याचे बुश, स्टेअरिंग बॉक्समधला खेळ. हे सगळं आधीपासून थोडं थोडं झिजलेलं असतं, पण मूळ उंचीला आणि मूळ टायरला खपून जातं. जड रुंद टायर आले की तीच झीज बोलायला लागते. तपासायची पद्धत फुकट आहे. एकाने इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग थोडंसं डावं-उजवं हलवत बसायचं, दुसऱ्याने खाली आडवं होऊन एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जो सांधा आधी स्वतः हलतो आणि मग पुढच्याला हलवतो, तो गुन्हेगार. ज्या गाड्यांना पाट्यांऐवजी स्प्रिंग आहेत पण एक्सल अखंड आहे, उदाहरणार्थ २०२३ मध्ये आपल्याकडे आलेली जिम्नी, तिथे एक्सल आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉडही या यादीत धरायचा. उचलल्यावर तो रॉड तिरका होतो आणि एक्सल एका बाजूला सरकतो, हे वेगळंच.

हा काही आपण शोधून काढलेला त्रास नाही. १९२० च्या दशकात मोटारींना कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले, तेव्हा अखंड एक्सलच्या गाड्यांना हाच रोग जडला होता. फिरतं चाक भोवऱ्यासारखं असतं. एक्सल एका बाजूने वर उचलला गेला की ते चाक स्वतःहून वळायला बघतं, ते वळलं की एक्सल पुन्हा झुकतो, आणि चक्र सुरू. मोटार कंपन्यांनी पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी करायचा विचार मनावर घेतला, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. १९३४ च्या सुमारास अमेरिकेत अशा गाड्या सर्रास विकल्या जाऊ लागल्या. आपल्याकडच्या थारलाही २०१० पासून पुढे सुटं सस्पेंशन मिळालं (तिथे उचलीचा भार दुसरीकडे, चाकांना जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांवर पडतो). थोडक्यात, जुन्या जीपला रुंद टायर आणि तीन इंच उंची देऊन आपण शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनीअरांची डोकेदुखी हौसेने विकत घेतो.

मग स्टेअरिंग डॅम्परचं काय? डॅम्पर वाईट नाही. काही गाड्यांना कंपनीच देते, खड्ड्याचा झटका हाताला कमी लागावा म्हणून. पण लटलटीवर औषध म्हणून तो लावणं म्हणजे दाढ किडलेली असताना वेदनाशामक गोळी घेणं. दुखणं थांबतं, कीड चालूच राहते. आणि गोळीचा अंमल उतरतो तो नेमका जास्त वेगाला. मला राग आहे तो याचा. पहिली लटलट साठला यायची, माणूस घाबरून हळू चालवायचा. डॅम्परने ती भीती काढून घेतली आणि ढिलाई तशीच ठेवली.

शेवटी रोह्यातल्या एका मिस्त्रींनी ही जीप मार्गी लावली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. हयात ट्रक-टेम्पोंच्या खाली गेलेली. भाचा म्हणाला, "चाचा, याहून भारी डॅम्पर येतो का?" चाचांनी गाडीखालूनच उत्तर दिलं, "आधी हाय तो काढू. मग गाडी खरं बोलंल."

डॅम्पर काढला. मग पुढचं जॅकवर घेऊन सांधे तपासले, दोन टाय रॉड एंड गेलेले. शाफ्ट पुसला, खुणा सापडल्या, त्या जुळत नव्हत्या. लांब शॅकल काढून मूळचे लावले, वाढवलेला पाटा राहू दिला. म्हणजे तीनाची उंची दीडवर आली. भाच्याचा चेहरा पडला होता म्हणे. कॅस्टरसाठी लहानशी पाचर घातली, लोखंडी (ॲल्युमिनियमची भाराखाली चेपते आणि यू बोल्ट ढिले पडतात). टायर बॅलन्स केले, टो दोरी लावून बघितला. पाचशे किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट परत आवळायला ये, म्हणून बजावलं. डॅम्पर परत लावलाच नाही. भाचा आता रोज त्याच रस्त्याने जातो आणि वडखळचे खड्डे अजूनही मोजतो, पण हातांनी, छातीच्या ठोक्यांनी नाही.

खर्च? पहिल्या दुकानात गेलेल्या पैशांच्या मानाने किरकोळ. पण तो खर्च पहिल्याच दिवशी, पहिल्याच बिलात असायला हवा होता. माझं भांडण आहे ते एवढंच.

इथे कुणी म्हणेल, त्याने अलाइनमेंट करून घेतली नव्हती का? घेतली होती की! कागदही होता. पण अखंड एक्सलच्या गाडीला अलाइनमेंटवाला बहुतेक वेळा फक्त टो लावून देतो. कॅस्टर तिथे बोल्ट फिरवून बदलता येतच नाही, म्हणून तो आकडा मोजला तरी वाचून सोडून देतात. 'अलाइनमेंट झाली' या दोन शब्दांवर अर्धे मालक निर्धास्त होतात.

म्हणून उचल करून घेणाऱ्याने दुकानदाराकडे तीन आकडे मागावेत. कॅस्टर, पिनियनचा कोन आणि टो. काम करण्याआधीचे आणि नंतरचे, कागदावर. जो दुकानदार हसून "टेन्शन नका घेऊ साहेब" म्हणतो, तिथून गाडी आहे तशी घरी आणावी. आणि कायद्याचंही एकदा बघावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. आपली उचल त्यात कुठे बसते याचा वाद अपघातानंतर विमा कंपनीशी घालायची वेळ येऊ नये.

त्याही आधी एक प्रश्न. उंची हवी कशाला? अखंड एक्सलच्या गाडीत सस्पेंशन कितीही उचला, डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. दगडावर आपटतो तो बहुतेक वेळा हा गोळाच. आणि आमच्या पेणच्या खारेपाटातल्या चिखलात तर उंचीचा उपयोग त्याहून कमी. तिथे गाडी रुतते ती चाक खाली जातं म्हणून. टायरची हवा कमी करणं आणि लो गिअरमध्ये हलक्या पायाने काढणं तिथे जास्त कामाला येतं. पोट घासतं, पुढचा बंपर बांधाला लागतो, तिथे इंच-दीड इंच उपयोगी पडतं, हे खरं. पण आपली गाडी नक्की कुठे अडते हे बघून किती जण किट घेतात?

पेणला मूर्तींचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. उंच मूर्तीला पाट रुंद लागतो, हे तिथल्या लहान पोरालाही समजतं. पाट तेवढाच ठेवून नुसती उंची वाढवली तर मूर्ती टेम्पोत चढण्याआधीच डुगडुगेल. मूर्ती कशी दिसेल हा विचार गिऱ्हाईक करतं, ती उभी कशी राहील हा विचार कारागीर करतो, आणि दोघांचं जमतं कारण दुसरा विचार कुणीतरी करतोच आहे.

गाड्यांच्या बाबतीत मात्र गिऱ्हाईकही दिसण्याचाच विचार करतं आणि दुकानदारही. उरलेला विचार मग हायवेवर, पंचाहत्तरच्या वेगाला, स्टेअरिंगला करावा लागतो.

असो. ज्यांना उचलायची आहे त्यांनी जरूर उचलावी. फक्त कोन मोजून.